निर्णय तुझा

३६व्या आठवड्यात मिडवाइफने, म्हणजे सुईणीने, नेहमीसारखा पोटावर हात फिरवला, बरगड्यांखाली एका जागी थांबली, पुन्हा चाचपलं आणि म्हणाली, "हे मला डोकं वाटतंय." डोकं तिथे असायला नको होतं. सोनोग्राफीत तेच निघालं. बाळ ताठ बसलेलं, कुल्ले खाली, पाय थेट तोंडापाशी.

लालबागला फोन लावला तर आईच्या आधी आजी बोलली. "पायाळू!" आणि तेही कौतुकाने. पायाळू माणसाने पाठीवरून पाय फिरवला की उसण जाते, हे तुम्हाला मी काय सांगणार. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर असे एक काका होते. सकाळी कामावर जायच्या आधी त्यांच्या दारात कंबर धरून माणसं उभी असायची. पावसाळ्यात मात्र ढग गडगडायला लागले की त्यांची बायको त्यांना गॅलरीतून आत ओढायची, पायाळूवर वीज पडते म्हणून.

आजीचा उपाय तयार होता. वाकून फरशी पूस, बाळ आपोआप फिरतं. परळच्या वाडियात चार बाळंतपणं झालेली बाई, तिच्यापुढे कोण बोलणार? पण इथे परदेशात घरभर कार्पेट. पुसायला फरशी फक्त स्वयंपाकघरात, ती दीड मिनिटात संपते. मग तीच पुन्हा पुसायची. मिडवाइफला विचारलं तर ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, अमुक तऱ्हेने बसल्या-वाकल्याने असं बाळ फिरतं याला पुरावा नाही, पण बरं वाटत असेल तर कर. निर्णय तुझा.

हे 'निर्णय तुझा' मी गेले आठ महिने ऐकतेय. बाळ कुठे जन्माला घालायचं, घरी की हॉस्पिटलात? निर्णय तुझा. कळा सुरू झाल्यावर पाण्याच्या टबात बसायचंय? नाळ कोण कापणार? दिवे मंद हवेत का? एक अख्खा फॉर्म भरून घेतला माझ्याकडून, त्यात खोलीत कुठलं संगीत हवं असाही रकाना. मी 'चालेल ते' लिहिलं. बाई म्हणाली, तुला खरंच काय हवंय ते लिही. अहो, मला खरंच चालेल ते चालणार होतं! लग्नात हॉलसुद्धा बाबांनी ठरवला होता.

आता पायाळू निघाल्यावर तर पुस्तिकाच हातात ठेवली. बाहेरून दाब देऊन बाळ फिरवून बघायचं, की सिझर, की आहे तसंच, नॉर्मल? नीट वाचा, घरी बोला, प्रश्न असतील तर फोन करा.

ताईचं पार्ल्याला असंच झालं होतं. तिच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मग कॅलेंडर. "मंगळवारी आठला या, रात्रीपासून काही खायचं नाही." संपलं. भावजींनी ठरवलं ते एवढंच की खोली स्वतंत्र घ्यायची की शेअरिंग. आईने तेवढ्यात पंचांग बघून घेतलं. हा किस्सा मी इथल्या मैत्रिणींना चवीने सांगायचे, आमच्याकडे बाईला विचारतच नाहीत म्हणून. त्या 'ओ माय गॉड' म्हणायच्या आणि मलाही आपण फार पुढारल्यासारखं वाटायचं. मात्र एकदा त्यांच्यातली एक जरा जास्तच कळवळली तेव्हा माझं डोकं फिरलं. तिला सुनावलं, २००० साली मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, त्यात पायाळू बाळांसाठी ठरवून केलेलं सिझर जास्त सुरक्षित दिसलं, आणि त्यानंतर सगळं जगच तिकडे वळलं, तुमचा देशही. ताईचे डॉक्टर काही अडाणी नव्हते. फक्त बोलत नव्हते.

मी फिरवून घ्यायचं ठरवलं. गर्भाशय सैल पडावं म्हणून इंजेक्शन दिलं, त्याने छाती धडधडायला लागली, हात थरथरले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "थांब म्हणालीस की त्या क्षणी मी थांबेन." मग दोन्ही हातांनी बाळाचे कुल्ले वर उचलत, डोकं ढकलत, त्याला कोलांटी मारायला लावायचा प्रयत्न. कणीक तिंबतात तसं पोट. थांब म्हणायची माझी दोनदा इच्छा झाली आणि दोन्ही वेळा ओठ मिटून घेतले. गिरणीकामगाराची नात आहे, असलं काहीतरी तेव्हा डोक्यात होतं, त्याचा काय संबंध कोण जाणे. साधारण निम्म्या जणींची बाळं फिरतात म्हणाल्या होत्या. मी उरलेल्या निम्म्यांत.

मशीनवर बाळाचे ठोके नीट असल्याचं बघितलं, माझं पोट पुसलं, आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. आता सिझर की नॉर्मल? बाळ दगावण्याचा धोका नॉर्मलमध्ये १००० मागे २, ३९ आठवड्यांनंतर ठरवून सिझर केलं तर १००० मागे अर्धा. मी त्या अर्ध्यावरच अडकले. उलट सिझर केलं की पुढच्या बाळंतपणाला टाक्यांची काळजी, हेही सांगितलं. दोन्हीत त्या माझ्याबरोबर असतील. निर्णय तुझा.

"तुम्ही माझ्या जागी असता तर?" मी विचारलं. त्या गोड हसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. मला त्या क्षणी ताईचे डॉक्टर हवे होते, कॅलेंडरसकट.

रात्रभर जागून सिझर म्हणाले. नवऱ्याला विचारलं होतं, तर तोही इथलाच झालाय. "तुझं शरीर, तू ठरव."

सकाळी आईला फोन केला. "डॉक्टरांनी सांगितलंय, सिझरच करावं लागेल." हे अगदीच खोटं नाही. कागदावर माझ्या सहीखाली त्यांचीही सही आहे.

"मग झालं तर," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम सैल पडला. "त्यांना कळतं ते. आपण कशाला डोकं चालवायचं?"

समोर नवरा चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी फोन खिडकीकडे वळवला आणि हळिवाचे लाडू किती आणतेस ते विचारलं.