दुखतं आतून, दाबायचं बाहेरून

बीईच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा विषय ठरवताना आम्हा तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, मागच्या बॅचचा रिपोर्ट कॉपी करायचा नाही. बाकी काहीच ठरत नव्हतं. शेवटी विषय घरातच सापडला. आमच्या सांगलीच्या घरी आत्या असते, भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते. तिचे दोन्ही गुडघे आतल्या बाजूने झिजलेत आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत. मेडिकलमधून आणलेली नी-कॅप चार दिवस पायावर आणि मग कायमची दारामागच्या खुंटीला. त्या खुंटीकडे बघूनच मी म्हटलं, आपण ब्रेस करू, म्हणजे गुडघ्याला बाहेरून धरणारा सांगाडा.

महिनाभर आम्ही लॅपटॉपवर राबलो. मांडीला एक कफ, पोटरीला एक कफ, दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या, मधे बिजागरी. आत्याला आतल्या बाजूला दुखतं म्हणून जाडसर पॅडही आतल्या बाजूला. थ्रीडी प्रिंटरवर कफ काढले तेव्हा तर आम्ही हवेतच होतो. ते दाखवायला न्यायच्या दिवशी स्कूटीच्या डिकीत ठेवले आणि गाडी तासभर एप्रिलच्या उन्हात उभी राहिली. डिकी उघडली तर एका कफची पुरी झालेली. पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं हे मटेरियल सायन्सच्या पेपरात मीच लिहिलं होतं.

ज्या मॅडमना दाखवायचं होतं त्या ऑर्थोटिस्ट, म्हणजे कॅलिपर आणि ब्रेस बनवणाऱ्या. मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत शिकलेल्या. त्यांनी वाकडा कफ बाजूला ठेवला, लॅपटॉप बंद केला आणि विचारलं, "पेशंट दिवसभर काय करतात?"

मी आत्याबरोबर एकवीस वर्षं राहते. तरी मला "स्वयंपाक" यापलीकडे सांगता येईना.

मग त्या पॅडकडे वळल्या. "उसाचं वाकडं कांडं सरळ करायचं तर काय करता?" आमच्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा. त्याने हवेतच करून दाखवलं, दोन्ही टोकं हातांत धरून फुगवट्याला गुडघा लावायचा. "फुगवटा कुठल्या बाजूला आहे?" बाहेरच्या. म्हणजे दाब बाहेरून गुडघ्यावर, आणि त्याला तोल म्हणून आतून मांडीला आणि नडगीला. तीन ठिकाणी. निरोगी माणसाच्या चालण्यातही गुडघ्यावरच्या भाराचा साठ-सत्तर टक्के वाटा आतल्या कप्प्यावर येतो. पाय बाहेर वाकला की तो आणखी वाढतो. आमचा पॅड गुडघ्याला आतून बाहेर ढकलत होता. दुखणं वाढवायचं यंत्रच आम्ही मेहनतीने बनवलं होतं.

दुसरी चूक जास्त गंभीर होती आणि मला अजून त्याचा काटा येतो. आमचा खालचा पट्टा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, जिथे हाडाचं बोंड हाताला लागतं, बरोब्बर त्यावर आवळला जात होता. मॅडमनी माझाच पाय धरून तिथे बोट फिरवलं. त्या बोंडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते, अगदी कातडीखालून. तिच्यावर सतत दाब राहिला तर पाऊल वर उचलता येईनासं होतं. गुडघा बरा करायला गेलो असतो आणि पाऊल लुळं करून आलो असतो. आमच्या स्क्रीनवरच्या पायात ती नस नव्हतीच, नुसता गुळगुळीत दंडगोल होता.

"आधी हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि उभं राहून काढलेला एक्सरे आणा," त्या म्हणाल्या, "मग पायाचं माप घेऊ." झोपवून काढलेल्या एक्सरेत भार नसतो, त्यामुळे सांध्यातली फट खरी किती बुजलीय ते कळत नाही.

मापाचा दिवस मला सगळ्यात आवडला. आत्याच्या पायावर पातळ मोजा चढवला, त्यावर शाईच्या पेन्सिलीने वाटी, सांध्याची फट आणि ते बोंड आखलं. पुढून एक रबरी नळी सोडली, नंतर तिच्यावरून साचा कापायचा म्हणजे कातडीला पातं लागत नाही. मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या. "गरम व्हायलंय की गं," आत्या दचकली. प्लास्टर घट्ट होताना गरम होतंच. साचा उतरवला तर शाईच्या खुणा आतून छापलेल्या. त्यात प्लास्टर ओतून आत्याचा पाय टेबलावर उभा राहिला आणि मॅडमनी दाब हवा तिथे तो कानशीने घासला, नको तिथे, म्हणजे त्या बोंडावर, प्लास्टरचा थर चढवला.

त्यावर चार मिलिमीटरचा पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा पत्रा. भट्टीत दुधाळ पांढरा पत्रा हळूहळू काचेसारखा आरपार दिसायला लागतो, तेव्हा तो तयार समजायचा. ते बघायला आम्ही तिघं भट्टीच्या काचेला नाक लावून.

बिजागरीचा घोळ वेगळाच. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एका खिळ्यावर फिरत नाही. मांडीचं हाड लोळतं आणि घसरतंही, फिरण्याचा मध्य सरकत राहतो. एकच पिन लावली तर प्रत्येक पावलाला ब्रेस कातडीवर वरखाली घासतो. मॅडम म्हणत होत्या, तयार बिजागरी विकत घ्या. आमचा मेकॅनिकलवाल्यांचा हट्ट. कुपवाड एमआयडीसीत वायरकटवर, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर, एकमेकांत दाते अडकणाऱ्या दोन पिनांची बिजागरी कापून घेतली. ती बसवायची जागाही वाटीच्या मध्यावर नाही, सांध्याच्या फटीच्या सुमारे दोन सेंटीमीटर वर आणि जरा मागे. स्टीलऐवजी ॲल्युमिनियम घेतलं. पहिला ब्रेस एक किलो चारशे ग्रॅम भरला होता, हा सहाशे ऐंशी.

पहिल्याच दिवशी तो घसरून घोट्यावर आला. मांडी नरसाळ्यासारखी, वर रुंद खाली निमुळती. मग मुख्य पट्टा पोटरीच्या फुगवट्याच्या वर पण त्या बोंडाच्या मानेच्याही खाली घेतला, तेव्हा कुठे तो टिकला.

भाकऱ्या थापायला मांडी घालून बसणं मात्र जमलं नाही. गुडघ्यामागची कड कितीही कापली तरी एकशे दहा अंशांच्या पुढे दोन्ही कफ एकमेकांवर आपटतात. तेव्हा मॅडमनी जयपूर फूटचा, म्हणजे त्या कृत्रिम पायाचा विषय काढला. १९६८ च्या सुमारास डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय केला, तो आपल्या लोकांना उकिडवं बसता यावं, अनवाणी चालता यावं म्हणून. आम्हाला ते साधलं नाही. त्याऐवजी माझ्या बाबांनी परात ठेवायला ओट्याला लागून लाकडी फळी ठोकली. आत्या आता भाकऱ्या उभ्याने थापते. खरं सांगायचं तर तिच्या गुडघ्याला ब्रेसपेक्षा त्या फळीचा उपयोग जास्त झाला असावा, पण रिपोर्टात फळीला प्रकरण देता येत नाही.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "स्ट्रेस ॲनालिसिस कुठाय?" होतं, जोडलेलं होतं. पाय कोणाचा, ते त्यांनी विचारलं नाही.

आत्या ब्रेस बाजाराच्या दिवशीच घालते, दोन-अडीच तास. पंधरा दिवसांनी तपासणीला मॅडमकडे गेलो तर पट्ट्यांच्या वेल्क्रोवर हिरव्या खणाच्या झडपा शिवलेल्या. "त्या काटेरी पट्टीनं माझ्या दोन साड्यांचे धागे उपसले," आत्या म्हणाली. मॅडमनी झडप उलटसुलट करून पाहिली, फोटो काढला आणि आत्यालाच विचारलं, "ताई, अशा आणखी सहा शिवून द्याल का?"

आत्याने लगेच दर सांगितला.