रिपोर्ट चांगला, खुबा मोडलेला

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, रानात जाऊन जेवायचा सण. तिच्या दुसऱ्या दिवशी उदगीरमध्ये गर्दी असते ती पोटाच्या डॉक्टरांकडे. भज्जी, अंबिल, उंडे, खीर. रानात बसून कोण मोजून खातंय? मी हाडांचा डॉक्टर, माझा तो दिवस तसा निवांत जातो. यंदा मात्र पहाटेच फोन वाजला.

मावशी साठीच्या पुढच्या, अंगानं भरलेल्या. उजवा पाय आखूड झालेला, पाऊल बाहेर वळलेलं. एक्स-रेच्या आधीच खुबा गेलाय हे दिसत होतं. लघवीला उठल्या आणि न्हाणीच्या दाराशीच कोसळल्या. गाडी धडकली नाही, जिन्यावरून पडल्या नाहीत, तरी खुब्याचं हाड मोडलं.

मुलानं फाईल पुढं केली. दोन वर्षांपूर्वी मनगट मोडलं तेव्हा लातूरला डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, केला होता. टी-स्कोअर, म्हणजे तरुण हाडाच्या तुलनेतला घनतेचा आकडा, उणे 1.4. मुलगा शिक्षक, वाचून आलेला. "सर, उणे अडीच किंवा त्याच्या खाली गेलं तरच हाडं ठिसूळ म्हणतात ना? मग आईचं मोडलं कसं?"

प्रश्न रास्त होता. मावशींना शुगर बारा वर्षांपासून, एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज, 10.2, बराच चढा. गोम तिथंच होती. टाईप 2 मधुमेहात हाडांची घनता बऱ्याचदा चांगली भरते, कधी इतरांपेक्षा जास्तच. पण डेक्सा मोजतो ते खनिज. हाडाला लवचीकपणा देतं ते कोलॅजेन, आणि साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की ती त्याला चिकटत जाते, त्याचे धागे एकमेकांत आवळले जातात. ओली तुराटी वाकते, वाळलेली काडकन मोडते, जाडी मात्र तेवढीच दिसते, असं मी त्या मुलाला सांगितलं. शिवाय जुनं हाड काढून नवं बांधायचं कामही मंदावतं, त्यामुळं बारीक चिरा बुजत नाहीत. म्हणून टाईप 2 च्या पेशंटचा टी-स्कोअर वाचताना आम्ही अर्धा अंक खाली धरतो. टाईप 1 ची तऱ्हा निराळी: त्यात घनताही घटते आणि खुबा मोडायचा धोका कितीतरी जास्त.

मला खटकलं ते मनगट. उतारवयात घरातल्या घरात पडून मनगट मोडतं, तो हाडं ठिसूळ झाल्याचा कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोठा पुरावा. पण प्लास्टर निघालं, आकडा बरा आला, फाईल कपाटात गेली. असं सगळीकडंच चालतं.

मग पडल्या का, हा दुसरा प्रश्न. सिस्टरनं बोटाला सुई टोचली, साखर 62, फारच उतरलेली. सून म्हणाली, "दुपारी रानात लई खाल्लं म्हून रातच्याला जेवल्या न्हाईत. गोळी मातर इसरल्या न्हाईत." त्या गोळीतलं ग्लिमेपिराइड, जेवण होवो न होवो, साखर उतरवतंच. त्यात तळपायाला बधिरपणा. अंगठ्याला टेकवलेला नायलॉनचा धागा त्यांना कळलाच नाही. वर बोळात अंधार. त्याच गोळीत पिओग्लिटाझोनही होतं, आणि बायकांमध्ये त्यानं हाडं मोडायचं प्रमाण वाढतं, हे आम्हाला ठाऊक असलेलं आहे. तरी ही, मेटफॉर्मिन धरून, तीन औषधांची एकत्र गोळी बिनधास्त चालू असते.

साखर ताब्यात आणून दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं, मोडलेल्या गोळ्याच्या जागी बायपोलर नावाचा कृत्रिम गोळा बसवला. मांडीच्या हाडात दांडी ठोकताना मी बोलत नाही. चीर जायला लागली तर हातोडीचा आवाज बदलतो, कान तिकडंच ठेवावा लागतो. आवाज बदलला नाही.

फिजिशियननी पिओग्लिटाझोन बंद केलं, रात्रीच्या गोळीऐवजी साखर एकदम न पाडणारं औषध दिलं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू, त्यानं बी12 जीवनसत्त्व उतरू शकतं, म्हणून तेही तपासलं; ते कमीच निघालं. ड जीवनसत्त्व भरून काढायचं, किडनी तपासायची आणि मग हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडची सलाईन, असं ठरलं. मुलानं न्हाणीकडच्या बोळात दिवा आणि धरायला दांडा बसवून घेतला.

सलाईनला मावशी लगेच तयार झाल्या. "वर्साला एकदाच ना? मंग द्या." अडल्या त्या वॉकरवर. "सोयऱ्याधायऱ्यात ते लोखंड घिऊन जाऊ व्हय?" बरीच घासाघीस झाली. शेवटी घरात वॉकर, आणि लग्नकार्याला काठी, तीही मी सांगेन तेव्हाच, यावर तडजोड झाली.