कनकेश्वर, आत्याच्या मागून

श्रावणातला दुसरा सोमवार. पहाटे साडेचारला आत्याचा फोन, "उठलास का रे?" अलिबागहून चालत कनकेश्वर, म्हणजे डोंगरावरचं शंकराचं देऊळ, ही तिची वारी. पालखी नाही, दिंडी नाही. तीन-चार बायका, दोन छत्र्या आणि श्रावणातला एक सोमवार. यंदा तिच्या दोन मैत्रिणी गुडघे धरून घरी बसल्या, म्हणून माझा नंबर लागला.

मापगावपर्यंतच्या रस्त्याबद्दल काय सांगायचं? मांडव्याच्या रो-रो बोटीसाठी सुसाट निघालेल्या गाड्या आणि त्यांनी उडवलेला चिखल. चालायला खरी सुरुवात होते ती डोंगराच्या पायथ्याशी.

हा दगडी मार्ग 1764 साली राघोजी आंग्र्यांनी बांधून घेतला. पायऱ्या सातशेच्या वर. नक्की किती, यावर दर वर्षी वाद होतो, कारण मधले फरसबंदीचे सपाट तुकडे कुणी धरतं, कुणी सोडतं. मी मोजायला लागलो आणि एकशेचाळीसच्या पुढे दम लागला तसा आकडाही सुटला.

पावसात हे दगड बघायला जावं. मधोमध पावलांनी झिजून गुळगुळीत झालेले, कडेला शेवाळ, फटीफटीतून तेरडा डोकावतोय, आणि एका बाजूने पाणी खळखळत खाली चाललेलं. मी नवे कोरे बूट घालून गेलो होतो. दुकानदार म्हणाला होता, कुठेही घाला. नागोबाच्या टप्प्याच्या अलीकडेच डावा पाय सटकला आणि मी सरळ गुडघ्यावर. आत्याने मागे वळून पाहिलं, हसली नाही, एवढंच उपकार. "काढ ते," म्हणाली.

अनवाणी झाल्यावर ती कशी चढते हे पहिल्यांदा नीट पाहिलं. ती पायरीवर समोरून पाय टाकतच नाही. तिरकी चढते, डावीकडून उजवीकडे, पुढच्या चार पायऱ्या उजवीकडून डावीकडे. टाच नेहमी दगडाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे झीज कमी आणि शेवाळही कमी. "डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवरून यायचो ना, तसंच," म्हणाली. मी तसं करून पाहिलं. दम निम्म्यावर आला. वय वर्षं अडुसष्ट, आणि तिला पाण्याची बाटली एकदाही लागली नाही. माझ्या दोन संपल्या.

देवाच्या पायरीशी ती थांबली, वाकून हात लावला आणि पाय न लावता पलीकडे गेली. मीही गेलो. का, ते विचारलं नाही, दमच नव्हता.

वर पुष्करणीवर धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसेना. उघाड असली की इथून समुद्रातले खांदेरी-उंदेरी किल्ले दिसतात, आज देऊळच कसंबसं दिसत होतं. गाभाऱ्यात ओल्या बेलाचा वास. आत्याने पदराच्या गाठीतून बेलाची पानं काढली, तिन्ही दलं शाबूत आहेत का ते एकेक तपासलं आणि दोन पानं बाजूला ठेवली. मागे रांग खोळंबली होती. तिला फरक पडला नाही.

उतरताना मात्र तिने माझा खांदा धरला. चढण दम काढते, उतरण गुडघा. खाली एक बाई टोपलीत करटोली घेऊन बसली होती. आत्याने भाव केला, पाव किलो घेतली आणि माझ्या हातातल्या बुटांकडे बघून म्हणाली, "पिशवी आणली नाहीस ना? घाल त्यातच."