गुरुजी पुढे गेले, बटू तिथेच राहिला

भाच्याच्या मुंजीचे चित्रीकरण आम्ही सगळे दिवाणखान्यातील टीव्हीवर पाहत होतो. भिक्षावळ सुरू झाली, बटू झोळी पुढे करून उभा राहिला आणि तसाच गोठला. मागे गुरुजींचे मंत्र मात्र अखंड चालू होते. आई म्हणाली, "अरे, गुरुजी पुढे गेले, हा अजून तिथंच." मी तेव्हा हसलो, पण बिघाडाचे इतके नेमके वर्णन पुढच्या तीन आठवड्यांत मलाही जमले नाही.

नौपाड्यातील आमच्या घरी टीव्हीखालच्या कपाटात एक जुना संगणक आहे. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, लिनक्स आणि व्हिडिओ चालवणारे कोडी हे सॉफ्टवेअर आहे. घरगुती चित्रीकरण आतल्या खोलीतील संगणकावर असते आणि तेथून वाय-फायने टीव्हीकडे येते. चित्र गोठू लागल्यावर मी जे करू नये ते सारे एकाच दिवशी केले. रॅम ४ जीबीची ८ जीबी केली, कोडी काढून पुन्हा बसवले, राउटरची जागा बदलली. फरक पडला नाही; पडला असता तरी तो कशामुळे पडला, हे कळले नसते.

आईच्या वाक्याकडे परत आल्यावर वाट सापडली. आवाज चालू राहून चित्र थांबत असेल, तर माहिती संगणकापर्यंत पोहोचते आहे, पण ती उलगडून चित्र तयार करणे त्याला झेपत नाही, असा बहुधा अर्थ होतो. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबत असतील, तर माहितीच वेळेवर येत नसते. कोडीत व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरील 'ओ' दाबले की पडद्यावर डीकोडरचे, म्हणजे फाइल उलगडणाऱ्या यंत्रणेचे, नाव दिसते. त्यापुढे 'एचडब्ल्यू' (हार्डवेअर) असेल तर काम ग्राफिक्स चिप करते आहे, 'एसडब्ल्यू' (सॉफ्टवेअर) असेल तर सारा भार प्रोसेसरवर आहे. मुंजीच्या फाइलपुढे 'एसडब्ल्यू' होते. भावाच्या फोनने ती ४के आणि एचईव्हीसी या, व्हिडिओ दाबून साठवण्याच्या नव्या प्रकारात टिपली होती. एच.२६४ हा २००३ सालचा जुना प्रकार आमची चिप लीलया उलगडते; एचईव्हीसी पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडण्याची सोय मात्र इंटेलने २०१५ मधील सहाव्या पिढीत आणली, तीही ८ बिट रंगांपुरती, आणि अधिक छटांच्या १० बिटसाठी सातव्या पिढीची वाट पाहावी लागली.

तरीही पहिली चार-पाच मिनिटे ती फाइल बरी चालत असे, याचे कोडे उरले होते. ठाण्यातला मे महिना, कपाटाचे बंद काचेचे दार आणि पंख्याच्या पात्यांवर बसलेला धुळीचा जाड थर, यांमुळे प्रोसेसर ९६ अंशांपर्यंत तापत होता आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवत होता. दार काढले, धूळ झटकली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलली. तापमान ७८ वर आले आणि गोठणे कमी झाले, पण थांबले नाही. अखेर हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या फाइलची १०८०पी, एच.२६४ प्रत काढली. टीव्ही मुळात १०८०पीच असल्याने डोळ्यांना काही उणे भासले नाही, आणि मूळ फाइल जपून ठेवली आहेच.

येथे सारे संपायला हवे होते. मात्र पुढच्याच रविवारी जुन्या हँडीकॅमवरील सहलीचे चित्रीकरण लावले, तर चित्र आणि आवाज दोन्ही थांबून मध्यभागी गोल फिरू लागले. डीकोडरपुढे 'एचडब्ल्यू' होते. तीच फाइल टीव्हीच्या संगणकावर उतरवून घेतली, तर ती अडखळली नाही. म्हणजे दोष वाटेत होता. हे केवळ शनिवारी-रविवारी घडत असल्यामुळे मी शेजाऱ्यांच्या वाय-फायला बोल लावला, कारण २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी १, ६ आणि ११ अशी तीनच चॅनेल मिळतात आणि सुट्टीला सारी इमारत घरी असते.

वायरलेस कीबोर्डही त्याच दिवशी अक्षरे गिळतो, हे लक्षात आल्यावर मी संगणकाची मागची बाजू पाहिली. सुट्टीच्या दिवशी चित्रपटांची यूएसबी ३.० डिस्क मीच जोडत होतो, आणि तिला खेटून वाय-फायचा डोंगल होता. यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका टिपणात मांडले आहे. मोजून पाहिले, तेव्हा डिस्क जोडलेली असताना वेग सेकंदाला १८ मेगाबिट, काढल्यावर ५५. आणि त्या हँडीकॅमच्या फाइलला लागत होते २४.

डोंगल एका मीटरच्या एक्स्टेंशन वायरने दूर नेल्यावरही भागले असते. तरी मी गोखले रोडवरून १५ मीटर कॅट-६ नेटवर्क केबल आणली आणि भिंतीच्या कडेने आतल्या खोलीपर्यंत ओढली. ती पांढरीच हवी, ही आईची अट होती. कपाटाचे काचेचे दार अजून गॅलरीत उभे आहे, आणि ते पुन्हा कधी बसवणार, असे ती रोज विचारते.