हेअर कलर, गरम मशीन आणि "पाच मिनिटं बसा मॅडम" : माझा अनुभव

रूट टच-अपला, म्हणजे मुळाशी वाढलेले पांढरे केस परत रंगवायला, पार्लरमध्ये जाणाऱ्या सगळ्याजणींसाठी लिहितेय, कारण माझा राग अजून गेलेला नाही. कलर लावून झाल्यावर गरम मशीनखाली बसवतात ना, त्याबद्दल. मशीनवर माझा राग नाही हे आधीच सांगते, नंतर त्याच प्रकारच्या उष्णतेनं माझे केस मस्त झालेत. राग आहे तो बसवून निघून जाण्यावर.

भाच्याचं लग्न होतं मिरजेला, हळदीच्या आधी पांढरे केस झाकायचे होते. माझे भांगाजवळचे आणि कानशिलांवरचे केस फार चिवट आहेत, घरी कलर लावला की नेमके तेवढेच कोरे राहतात, म्हणून यावेळी सांगलीतच विश्रामबागेकडं एका पार्लरला गेले. नाव लिहीत नाही. शेड ठरली, डेव्हलपर (कलरमध्ये घालायचं पेरॉक्साइडचं द्रावण) मिसळलं, लावलं, इथपर्यंत सगळं छान, त्या मुलीचा हात पण हलका होता.

मग ती म्हणाली, थंडी आहे मॅडम, कलर चढायला वेळ लागंल, ड्रायरखाली बसा. ड्रायर म्हणजे केस सेट केल्यावर वाळवायला वापरतात तो, डोक्यावर टोपासारखा येतो आणि आतनं गरम हवा सोडतो. डोक्याला प्लास्टिकची कॅप नाही, कानाला काही नाही, टायमर लावला की नाही ते पण सांगितलं नाही. "पाच मिनिटं बसा मॅडम, आलेच" म्हणून ती आत नवरीच्या मेकअपला गेली ती गेलीच. पहिल्यांदा बरं वाटत होतं, बाहेर गारठा होता. नंतर कपाळाजवळची कातडी ओढल्यासारखी व्हायला लागली, बोट लावून बघितलं तर कलर वाळून कडक झालेला, पापडासारखा. मग कानामागं चटके. हाक मारली, कुणी नाही. परत हाक मारली तर एक शिकाऊ पोरगी आली, बिचारी घाबरलेली, म्हणाली ताई येतीलच, मला मशीनला हात लावायची परवानगी नाही. आता सांगा, जिला हात लावायची परवानगी नाही तिच्या भरवशावर गिऱ्हाईक सोडून जायचं का? शेवटी मीच तो टोप वर ढकलला आणि उठून उभी राहिले. तेव्हा बाई बाहेर आल्या आणि काय म्हणाल्या तर, झालंयच की मॅडम, धुऊन टाकू.

धुतल्यावर बघते तर खालचे केस काळेभोर आणि कानशिलं तशीच, पिवळट पांढरी. कानामागं लाल चट्टा. वर ऐकवलं की "तुमचे केसच तसे आहेत". पैसे पूर्ण घेतले. ते वाक्य मला आजही टोचतंय, कारण केसांचा काही दोष नव्हता आणि ते मला नंतर नीट कळलं.

कसं असतं बघा. परमनंट कलरमध्ये अमोनिया किंवा तसलंच काहीतरी असतं, ते केसाचं वरचं कवच फुगवून उघडतं. मग रंगाचे बारीक कण आत जातात आणि डेव्हलपरमधल्या पेरॉक्साइडमुळं आतच मोठे होऊन अडकतात. उष्णतेनं हे काम लवकर होतं, यात खोटं काही नाही. पण हे सगळं ओल्या लेपातच चालतं. लेप वाळला की काम थांबलं, मग तासभर बसा नाहीतर दिवसभर. कॅप याच्यासाठीच घालायची असते. चिवट पांढऱ्या केसांचं कवच घट्ट, त्यांना पूर्ण वेळ आणि ओलावा दोन्ही लागतं, आणि माझे तेच केस कपाळाच्या कडेला, जिथं हवा थेट लागत होती.

लग्न तसंच उरकलं, कानशिलांवर काळी स्टिक फिरवून. चट्टा पूर्ण जाईपर्यंत डोक्याला काही लावलं नाही, नंतर नणंदेनं मिरजेतलं एक सलून सांगितलं तिकडं गेले. तिथल्या दादांनी आधी कलरच्या खोक्यातलं पत्रक उघडून मला दाखवलं, उष्णता चालते का, चालत असेल तर किती वेळ. हे सगळ्यात महत्त्वाचं, बहुतेक कलर उष्णतेशिवाय ३० ते ४५ मिनिटांत होतातच आणि काही कंपन्या उष्णता देऊ नका असं स्पष्ट लिहितात. डेव्हलपर ६ टक्क्यांचं, म्हणजे ते लोक ट्वेंटी व्हॉल्यूम म्हणतात ते, पांढऱ्या केसांना साधारण हेच वापरतात. लवकर व्हावं म्हणून कुणी ४० व्हॉल्यूम, म्हणजे १२ टक्के, घालून वर गरम करायला निघालं तर सरळ उठा. कानशिलांना आधी आणि जाड थर, कॅप, कानावर कापूस, मशीन कमी तापमानावर. दादा जवळच उभे, मधे मधे कंगव्यानं एक बट पुसून बघायचे. बंद केल्यावर थोडं गार होऊ दिलं आणि मग धुतलं. एकसारखा रंग, कानशिलंसुद्धा! आरशात बघून इतकं बरं वाटलं.

हो, कानातलं काढून बसा, धातू तापतो. चष्मा पण.

पॅच टेस्ट, म्हणजे थोडा कलर कातडीला लावून ॲलर्जी येते का बघणं, ४८ तास आधी, कानामागं किंवा कोपराच्या आत. गडद कलरमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी वाईट, दरवेळी करायची.

पूर्ण केस पहिल्यांदाच रंगवणार असाल तर मुळांना शेवटी लावायला सांगा. डोक्याच्या ऊबेनं मुळाजवळचा भाग तसाही लवकर चढतो, त्यात मशीन लावलं तर मुळं वेगळीच दिसतात. ब्लीचला तर मशीन नकोच, टाळूजवळ अजिबात नको, पावडर तापून फुगते आणि केस तुटतात. हेअर स्पाचा स्टीमर पण कलरला नको, थेंब ठिबकून रंग ओघळतो.

आणि आधी काळी मेहंदी लावत असाल तर पार्लरवालीला सांगाच. काही पाकिटांत धातूचे क्षार असतात, त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस आपोआप तापतात, वाफ सुद्धा निघते, मशीनची गरजच नाही. आधी एक बट कापून त्यावर कलर लावून बघायला सांगा.

खुर्चीत बसायच्या आधी मी आता एकच विचारते, मशीन चालू असताना जवळ कोण थांबणार? मिरजेच्या दादांनी लगेच "मी" म्हणून सांगितलं होतं. पुढचा टच-अप त्यांच्याकडंच, फक्त लग्नसराईतला शनिवार-रविवार सोडून वार घेणार आहे.