थंड शॉकअप

“ताई, शॉकअप गेलेत हे ओळखायचं कसं? आणि पाटे धड असताना खर्च कशाला करायचा?” इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात जुनी गाडी घेतलेला कुणी ना कुणी हे विचारतोच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

बाबांची 407, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक, गेली काही वर्षं मी बघते. चोइथराम मंडीतून बटाट्याची पोती भरून ती सिमरोलवरून भेरूघाट उतरते आणि बडवाह, सनावदकडे जाते.

वजन पाटेच, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगाच, उचलतात, हे खरं. शॉकअपचं, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं, काम वेगळं आहे. खड्ड्यात दबलेला पाटा उसळतो, परत दबतो, परत उसळतो. ते झुलणं शॉकअप थांबवतो. आतला पिस्टन बारीक भोकांतून तेल ढकलतो आणि उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. अनेक पानांच्या पाट्यात पानं एकमेकांवर घासतात, त्यानेही उसळी थोडी मरते. म्हणून शॉकअप मेले तरी गाडी चालत राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पण चाक रस्त्याला धरून राहिलं नाही, तर ब्रेक लागून उपयोग काय? भरली गाडी घाट उतरताना मला हीच धास्ती असते.

कारसारखा पुढचा भाग दाबून ट्रकचं काही कळत नाही, पाटे फार कडक असतात. मी आधी टायरवर तळहात फिरवते, पूर्ण गोलाईवरून, सावकाश. एकच कड सलग झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का, ते बघा. पण हाताखाली उंच, खोल, परत उंच अशा लाटा लागल्या तर संशय शॉकअपवर. (चाकाचं बेअरिंग ढिलं असेल तरी लाटा पडतात, तेही हलवून बघा.) या लाटा दिसत असताना एका दुकानात आमची दोनदा अलाइनमेंट झाली. कुणी खाली वाकून शॉकअप पाहिला नाही. नवे टायरही तसेच खाल्ले गेले, आणि त्याचा राग मला अजून आहे.

शेवटी एकदा गाडी घाटातून परतल्या परतल्या सपाट जागी लावली, चाकांना ठोकळे दिले आणि चारही शॉकअपना बोट टेकवून पाहिलं. तीन चांगले गरम होते. पुढचा डावा सावलीत पडलेल्या लोखंडासारखा थंड. काम करणारा शॉकअप तापतो. जो तापला नाही, तो नुसता लटकलेला. बोट मात्र पटकन लावा, सायलेन्सरपासून जपून.

अंगावर तेलाचा हलका ओलावा, त्यावर धूळ, एवढ्याने घाबरू नका. ओघळ आला असेल तर बदलाच. नुसता खडखडाट असेल तर आधी शॉकअपच्या टोकांना बसवलेले रबर बुश बघा. बुशच्या पैशात भागत असेल तर अख्खा शॉकअप का घ्यायचा?

बदलताना एका एक्सलचे दोन्ही बदला. एक नवा, एक थकलेला, असं केलं तर दोन बाजू दोन तऱ्हेने वागतात. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. नवा शॉकअप जुन्याशेजारी धरून उघडी आणि मिटलेली लांबी जुळवा. आखूड आला तर चाक खड्ड्यात खाली लोंबलं की तो ताणून तुटेल. खोक्यात आडवा पडून त्याच्या आतली हवा तेलाच्या नळीत शिरलेली असते, म्हणून उभा धरून, हाताला झटके लागेनासे होईपर्यंत दाबा-ओढा. गाडीखाली शिरताना जॅकच्या भरवशावर राहू नका, चेसिसला भक्कम घोडी, म्हणजे लोखंडी टेकू, लावा. नट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावरच. चाकं लोंबत असताना आवळले तर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासा.

आणि हो, टायरवर पडलेल्या लाटा नव्या शॉकअपने जात नाहीत. ते टायर आहेत तोवर गुणगुण येत राहणार. त्यावरून नवा माल खराब समजून परत करायला धावू नका.