दारावर कोण आलंय

परवा भाचीला झोपवताना चिऊकाऊची गोष्ट सांगितली, कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, आणि ती झोपल्यावर मला डिस्नेची 'थ्री लिटिल पिग्ज' आठवली म्हणून लावून बसले. १९३३ ची कार्टून फिल्म, जेमतेम आठ-नऊ मिनिटांची, डिरेक्टर बर्ट जिलेट. तीन डुकरं गवताचं, काटक्यांचं आणि विटांचं घर बांधतात, लांडगा फुंकर मारून पहिली दोन उडवतो, विटांचं टिकतं. लहानपणापासून आवडते मला ती. तिन्ही डुकरं दिसायला सारखीच पण हालचालीवरून स्वभाव कळतो, त्या काळी हे फार नवीन होतं, ऑस्कर उगाच नाही मिळालं.

पण ह्यावेळी मी एका सीनला अडकले. लांडगा विटांच्या घरापाशी ब्रश विकणारा फेरीवाला बनून येतो. मूळ कॉपीत त्याला लांबलचक खोटं नाक, दाढी, चष्मा, आणि बोलणं यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेच्या, वळणाचं. म्हणजे दारावर आलेला लबाड माणूस कसा दाखवायचा, तर ज्यू फेरीवाल्यासारखा! फिल्म आली मे महिन्यात, आणि त्याच वर्षी १ एप्रिलला जर्मनीत नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार घातला होता. डिस्नेवाल्यांनी द्वेष पसरवायला हे केलं असं मी म्हणत नाहीये, अमेरिकन स्टेजवर ज्यूंच्या अशा नकला सर्रास चालायच्या, तिथून ते आलं असणार. पण मला तेच जास्त लागतं, की हशा मिळवायला कुणाचं तरी नाक पुरत होतं. १९४८ मध्ये तो भाग नव्याने काढला, नाक-दाढी गेली, लांडगा साधा ब्रशवाला झाला.

दुसरी गोष्ट मेहनतीची. १९३३ ला अमेरिकेत साधारण चारातला एक कामगार बेकार होता, बँका बुडालेल्या, लोकांची आयुष्यभराची पुंजी गेलेली, आणि फिल्म सांगते की ज्याने विटा रचल्या तो वाचला, बाकीचे नाचत बसले म्हणून त्यांची घरं उडाली. हे मला पटत नाही. लोकांनी मात्र त्यातलं गाणंच उचललं, लांडग्याला कोण भितंय म्हणत मंदीला लांडगा ठरवलं, आणि थिएटरात बसून त्या माणसांना जो धीर आला असेल तो मी खोटा म्हणणार नाही.

बाई म्हणाल तर ह्यात आई फक्त भिंतीवरच्या फोटोत, पिल्लांना पाजताना. शेजारी 'फादर' लिहिलेल्या फ्रेममध्ये सॉसेजची माळ.

आपल्या गोष्टीत पण दार बंदच असतं ना, थांब माझ्या बाळाला तीट लावते, आणि बाहेर भिजलेला कावळा. पण निदान तो शेजारी आहे, त्याला कुठल्या जातीचा-धर्माचा चेहरा लावलेला नाही.

भाची दहा-बारा वर्षांची झाली की तिला मी ही फिल्म दाखवणार, आणि जुनीच कॉपी दाखवणार, लांडगा दार वाजवतो तिथे पॉज करून.